मदत हवी आहे: सवयींच्या तक्त्यातील फिकट रेषा छपाईत तुटतात

कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन साधनाच्या मोफत आवृत्तीत मी सवयींचा मासिक तक्ता आखत असून, रोज रंगीत पेन्सिलीने एकेक चौकोन भरत गेल्यावर महिनाअखेरीस सोलापुरी चादरीसारखी नक्षी उमटावी, अशी मनापासून इच्छा आहे. आडव्या ए-४ कागदावर ७ मिमीचे ३१ चौकोन आणि सवयींच्या नावांसाठी ६० मिमी धरून दोन्ही बाजूंना १० मिमी समास उरतो. मापांची अडचण नाही. अडचण रेषांची आहे. काळ्या ठेवल्यास रंगांआधी जाळीच डोळ्यांत भरते, आणि फिकट राखाडी केल्यास कृष्णधवल लेझर छपाईत त्यांचे सुटे ठिपके होतात. कॅनव्हातून फाइल छपाईसाठीच्या ‘पीडीएफ प्रिंट’ प्रकारात उतरवूनही फरक पडला नाही. दरमहा रंगीत छपाई परवडणारी नाही. रेषा अखंड उमटाव्यात, तरीही नक्षीच्या आड येऊ नयेत, यासाठी त्यांची जाडी आणि छटा नेमकी किती ठेवावी, की रेषा काढून केवळ चौकोनांचे कोपरे छापावेत?