'अव्हर्ट'चा निष्कर्ष वाचताना तुलनागट तपासा
स्ट्रोकच्या (पक्षाघाताच्या) रुग्णांना अंथरुणातून लवकर उठवून हालचाल करायला लावावी का, हे 'अव्हर्ट' या चाचणीने तपासलं. 'अव्हर्ट चाचणीने स्ट्रोकनंतर लवकर उठवणं घातक ठरवलं' असा दावा केला जातो. एवढा अर्थ त्यातून निघत नाही. आधी तुलनागटाला (इथे नेहमीचे उपचार मिळालेला गट) नेमकं काय मिळालं ते बघा. २०१५ च्या या चाचणीत २१०४ रुग्ण होते. पहिल्यांदा उठवण्याची मध्यक वेळ प्रयोगगटात १८.५ तास, नेहमीच्या उपचारगटात २२.४ तास. म्हणजे लवकर दोघांनाही उठवलं होतं! खरा फरक मात्रेत, म्हणजे उठवून हालचाल करून घेण्याच्या प्रमाणात होता: दिवसाला साधारण ३१ मिनिटं विरुद्ध १०, आणि सत्रंही दुपटीहून जास्त. तीन महिन्यांनी चांगला परिणाम (अपंगत्व मोजणाऱ्या रँकिन पट्टीवर ० ते २, म्हणजे रुग्ण स्वतःचं स्वतः करू शकतो) ४६ टक्के विरुद्ध ५० टक्के. तेव्हा निष्कर्ष एवढाच, की पहिल्या चोवीस तासांत सुरू केलेला जास्त मात्रेचा व्यायाम तोट्याचा ठरला; रुग्णाला झोपवून ठेवा असं त्यात कुठेही नाही.

थोडा वेळ पण वारंवार उठवणं बरं, हे याच चाचणीच्या नंतरच्या मात्रा-विश्लेषणातून आलंय. तिथे रँडमायझेशनचा (रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटण्याचा) आधार नाही. ज्यांची तब्येत बरी, तेच जास्त वेळा उठू शकले असतील. म्हणून ते गृहीतक म्हणूनच वाचावं.

आणखी एक, चाचणीचा दर्जा ठरवताना थेरपिस्टचं ब्लाइंडिंग (रुग्ण कुठल्या गटात आहे हे त्याच्यापासून लपवणं) नाही म्हणून गुण कापू नका, ते इथे शक्यच नसतं. परिणाम मोजणाऱ्याचं ब्लाइंडिंग होतं का, ते पाहा.