जर्मनीतील एका सत्राचे क्रेडिट पुण्याच्या पदवीत धरून घेण्यासाठी निघण्यापूर्वी काय करावे?

पाचवे_सत्र_पुणे
नमस्कार. मी पुण्यातील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढील वर्षी महाविद्यालयाच्या करारानुसार जर्मनीतील एका विद्यापीठात हिवाळी सत्रासाठी जाण्याची संधी मला मिळत आहे. तेथे सत्राला ३० ईसीटीएस (युरोपातील क्रेडिटचे एकक) असतात, आमच्याकडे २० क्रेडिट. आमच्या ओळखीतील एका ताईला परत आल्यावर दोन विषयांची परीक्षा पुन्हा द्यावी लागली, कारण तिने तेथे उत्तीर्ण केलेले विषय येथील विषयांशी जुळत नाहीत, असे तिला परतल्यानंतर सांगण्यात आले. घरच्यांनी या शिक्षणासाठी मोठा खर्च करायचे ठरवले आहे, त्यामुळे माझ्या बाबतीत तसे होऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे. जाण्यापूर्वी कोणती कागदपत्रे हातात असावीत?

अध्यापक_कर्वेनगर
मी काही वर्षे आमच्या विभागात सममूल्यतेचे, म्हणजे बाहेर शिकलेले विषय येथील विषयांच्या बरोबरीचे धरण्याचे, काम पाहत होतो, त्या अनुभवावरून लिहितो. त्या ताईंच्या बाबतीत जे झाले, त्याचे मूळ बहुधा क्रम उलटा झाल्यात आहे: आधी शिकणे आणि मग मान्यता मागणे. युरोपात याच कारणासाठी ‘लर्निंग अग्रीमेंट’ नावाचा करार विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था असे तिघे मिळून निघण्यापूर्वी करतात. त्यावर विभागप्रमुखांची सही घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. तेथील कोणता विषय येथील कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, याचा विषयवार तक्ता अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यासमंडळासमोर ठेवून त्याची मंजुरी इतिवृत्तात नोंदवून घ्या. विभागप्रमुख बदलतात, इतिवृत्त राहते.

आता आकड्यांबद्दल. एका ईसीटीएसमागे विद्यार्थ्याचे एकूण २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते आणि पूर्ण वर्षाला ६० ईसीटीएस. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला ३० तास आणि वर्षाला ४० क्रेडिट आहेत. म्हणजे तासांनी मोजले तर एक ईसीटीएस आणि एक क्रेडिट जवळपास सारखे दिसतात, सत्राच्या प्रमाणात मोजले तर ३० चे २० होतात. दोन्ही हिशेब कागदावर बरोबर असल्याने वाद येथेच सुरू होतो. माझ्या मते दुसरा हिशेब धरावा. जर्मनीत ६ ईसीटीएसच्या विषयाला साधारणपणे आठवड्याला चार तास वर्ग असतो आणि आपल्याकडेही चार तासांच्या विषयाला आपण चारच क्रेडिट देत आलो आहोत. शिवाय तेथे पूर्ण सत्र प्रामाणिकपणे शिकलेल्या विद्यार्थ्याचे येथेही पूर्ण सत्र धरले जावे, हे न्यायाचे आहे.

खरी अडचण प्रात्यक्षिकांची असते, असे मी वारंवार पाहिले आहे. आपल्या गुणपत्रिकेत ऑपरेटिंग सिस्टीमचे लेखी ३ क्रेडिट आणि प्रयोगशाळेचा १ क्रेडिट अशा दोन स्वतंत्र ओळी असतात. तेथे संपूर्ण विषयाला एकच परीक्षा आणि एकच श्रेणी असते. मग परीक्षा विभाग लेखीची ओळ भरतो आणि प्रयोगशाळेची रिकामी राहते. यासाठी तेथील विषयपुस्तिकेतील सविस्तर अभ्यासक्रम मिळवा आणि आठवड्याच्या सरावपत्रिका व प्रोग्रॅमिंगचे काम हे येथील प्रयोगशाळेच्या जागी धरले जाईल, हे तक्त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या.

परत_आलेली_औंध
सरांनी लिहिलेले सर्व पटते. मला वेळापत्रकाबद्दल सांगायचे आहे. तेथील हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च असते, वर्ग फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि त्यानंतर परीक्षा. आपले पाचवे सत्र जुलैत सुरू होते आणि सहावे जानेवारीत, म्हणजे एक सत्र बाहेर राहिल्याने येथील दोन सत्रांना धक्का बसतो. बदलीचे सत्र कोणते धरायचे आणि दुसऱ्याच्या हजेरीचे व अंतर्गत गुणांचे काय, हे मी लेखी घेतले नव्हते. तेथील गुणपत्रक हाती येईपर्यंत येथील निकालावर ‘अपूर्ण’ अशी नोंद राहिली आणि प्लेसमेंटच्या अर्जात ती बॅकलॉग, म्हणजे अनुत्तीर्ण राहिलेला विषय, म्हणून वाचली गेली. शेवटी विभागाचे पत्र जोडल्यावर अर्ज स्वीकारला गेला, पण तोवर एक कंपनी येऊन गेली होती. ते पत्र तुम्ही निघण्यापूर्वीच मागून ठेवा.

पाचवे_सत्र_पुणे
सर, ताई, मनापासून आभार. श्रेणीचे काय करावे? आणि हे क्रेडिट एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणारी राष्ट्रीय व्यवस्था) खात्यात आपोआप दिसतील का?

अध्यापक_कर्वेनगर
जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४.० ही उत्तीर्णतेची सीमा. आपल्या दहाच्या श्रेणीच्या हे नेमके उलट आहे. त्यामुळे १.७ सारखी चांगली श्रेणी पाहून कोणी गोंधळू नये, यासाठी रूपांतराची पद्धत तक्त्याखालीच नमूद करावी. नियमांत मुभा असेल तर हे क्रेडिट केवळ ‘उत्तीर्ण’ म्हणून नोंदवावेत आणि सीजीपीएच्या हिशेबातून वगळावेत, असे मी सुचवीन. परीक्षापद्धती वेगळी असताना दशांशांची तुलना करणे विद्यार्थ्यावर अन्याय करणारे ठरते.

एबीसीत आपोआप काही येत नाही. आपल्या महाविद्यालयाने निकालात धरलेले क्रेडिटच तेथे जमा होतात, म्हणून परतल्यावर खाते उघडून ओळ न् ओळ स्वतः तपासा. करार साध्या विद्यार्थी-देवाणघेवाणीचा आहे की ट्विनिंगचा (पदवीचा अभ्यासक्रमच अंशतः येथे व अंशतः परदेशी संस्थेत शिकण्याचा), हेही विचारून घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ट्विनिंगमध्ये परदेशी संस्थेतील क्रेडिट एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांपर्यंतच धरता येतात. एका सत्राला ती मर्यादा आड येणार नाही, पण पुढे आणखी एक सत्र वाढवण्याचा विचार झाला तर हिशेब आत्ताच माहीत असलेला बरा.

पाचवे_सत्र_पुणे
करार देवाणघेवाणीचाच आहे, आज विचारून खात्री केली. विषयपुस्तिका मिळाली असून पाच विषयांचा तक्ता तयार करायला घेतला आहे. प्रयोगशाळेसाठी त्यात वेगळा रकाना ठेवला आहे. सोमवारी तो घेऊन विभागप्रमुखांना भेटते आणि अभ्यासमंडळाची पुढची बैठक कधी आहे, तेही विचारते.