वृद्धाश्रमात रोजच्या दिवसात कला कशी आणावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी आत्या पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. वय ८२, स्मृतिभ्रंश. जेवण, औषधं सगळं वेळेवर. पण दुपारभर सगळे भिंतीला टेकून नुसते बसलेले असतात, ते बघवत नाही. कधीतरी बाहेरची मंडळी येऊन गाणी म्हणतात, फोटो काढतात, संपलं.

मागच्या रविवारी जुन्या सुती साड्यांचे तुकडे आणि सुईदोरा नेला. माझं नाव विसरलेल्या आत्याने धावदोरा अगदी सरळ घातला! ते बघून शेजारच्या आजी आपसूक जात्यावरची ओवी म्हणू लागल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी गावोगावी जमवलेल्या १ लाखाहून जास्त ओव्यांपैकी काही 'परी' (PARI) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, त्या आता लावून बघणार आहे.

पण मी आठवड्यातून एकदाच जाते. तिथल्या मावशींवर कामाचा ताण न वाढवता हे रोज कसं घडेल? भाजी निवडताना, वाती वळताना काही जोडता येईल का? हात थरथरणाऱ्यांना सुईऐवजी काय द्यावं? आजोबा मंडळी तर जवळही येत नाहीत, त्यांच्यासाठी काय करावं? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.