घड्याळ पुढे सरकवणं म्हणजे रडीचा डाव नाही तर काय?

सावकाश
परवा मामेभावाच्या बेटावर जाऊन आलो. निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावरचा 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' हा खेळ त्याने गेल्या महिन्यात घेतला. एवढ्यात घराची सगळी कर्जं फेडून मोकळा, म्युझियम भरलेलं, वर निळ्या गुलाबांचा ताटवा. मी २०२० पासून खेळतोय आणि माझ्याकडे निळे गुलाब आहेत चार. कसं जमवलंस विचारलं, तर म्हणे, "स्विचची तारीख पुढे करायची, त्यात काय!"

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात : आपल्याला एक ओसाड बेट मिळतं, शेजारी म्हणून जास्तीत जास्त १० बोलके प्राणी, आणि घर बांधायला कर्ज देणारा टॉम नूक. इथे कुणी जिंकत नाही, हरत नाही. बेटावरचं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. पूल बांधायला काढला की दुसऱ्या दिवशी सकाळी तयार. चेरीचा बहर एप्रिलचे पहिले १० दिवस. चुकला की वर्षभर थांबा.

हा खेळ पहिल्यांदा २००१ साली जपानात निन्टेन्डो ६४ वर आला. त्या यंत्रात घड्याळच नव्हतं, म्हणून बनवणाऱ्यांनी ते खेळाच्या कार्ट्रिजमध्ये बसवलं. एवढा आटापिटा कशासाठी? कारण वाट पाहणं हाच खेळ आहे. ते काढून टाकलं तर फर्निचरचं दुकान उरतं. माझ्या मते घड्याळ सरकवणारे सरळसरळ रडीचा डाव खेळतात.

तीन_पिल्लांची_आई
+१. आमच्या धाकट्याने जूनमध्येच डिसेंबर आणला. बर्फाची माणसं करून झाली, मग परत उन्हाळा, मग परत बर्फ. तीन दिवसांत चारही ऋतू उरकले आणि चौथ्या दिवशी स्विच सोफ्याखाली. मध्ये एकदा उघडला तर बेटभर तण, घरात झुरळं, आणि एक शेजारीण म्हणाली की किती महिने दिसला नाहीस. पोरगं रडायला लागलं. तिला काय सांगणार, की मी फक्त तारीख बदलली होती?

रातपाळी
मी नर्स आहे. महिन्यातले निम्मे दिवस रात्री ड्यूटी, सकाळी घरी येऊन जी पडते ती चारला उठते. नूकचं दुकान सकाळी ८ ते रात्री १०, कपड्यांचं ९ ते ९. सलगम विकणारी डेझी मे (तिच्याकडून घ्यायचे आणि आठवड्यात भाव चढला की दुकानात विकायचे) फक्त रविवारी, तीही दुपारी १२ पर्यंत. म्हणजे तिची-माझी गाठ पडायची नाही. खेळ घेतल्यावर पहिले दोन आठवडे मी फक्त बंद दारं बघत फिरले.

आता स्विचचं घड्याळ कायमचं आठ तास मागे ठेवलंय. मी चारला उठते तेव्हा बेटावर सकाळचे आठ. एक दिवसही उडी मारत नाही, निळ्या गुलाबाची वाट तुमच्याइतकीच बघते. सावकाशदादा, मीही रडीचा डाव खेळते का?

हिशेबी_मामा
जरा व्यवहाराचं बोलू. टॉम नूकचं शेवटचं कर्ज २४,९८,००० बेल्सचं (बेल्स म्हणजे बेटावरचे पैसे). व्याज शून्य, हप्ता नाही, मुदत नाही. असा सावकार मिळणार असेल तर मी आजच बेटावर राहायला जातो. जिथे कर्जच खोटं, तिथे वेळ तेवढी खरी असली पाहिजे हा हट्ट का?

दुसरं, बनवणाऱ्यांना हे सगळं माहीत आहे. सलगम घेतले आणि घड्याळ मागे केलं की सगळे सडतात. (जपानीत सलगमही काबु आणि शेअरही काबु, म्हणून तर आठवडाभर भाव वरखाली.) त्यांनी तेवढं एक दार बंद केलं. मग बाकीची मुद्दाम उघडी ठेवली असंच म्हणायचं ना?

सावकाश
मामा, दार उघडं दिसलं म्हणून आपण शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरतो का?

कात्सुया एगुचींनी हा खेळ का केला ते बघा. नोकरीसाठी चिबा सोडून क्योतोला आले, निन्टेन्डोत. घरचे, मित्र सगळे मागे राहिले, आणि तो शेजार परत कसा मिळेल या विचारातून हे गाव निघालं. रोज थोडं थोडं भेटून शेजार होतो. एका दुपारी १८० दिवस पळवून जो होतो त्याला काय म्हणायचं?

रातपाळीताई, तुमचा मुद्दा मान्य. तुम्ही वेळ चोरत नाही, तुमची पाळी बेटाला लावून घेतलीत. पण मामेभावाला माफी नाही.

मेलबर्नकर
'खरी वेळ' या शब्दालाच माझी हरकत आहे. सुरुवातीला उत्तर गोलार्ध की दक्षिण असं विचारतात. भाऊ पुण्यात, त्याच्याबरोबर खेळायचं म्हणून मी उत्तर घेतला. आता डिसेंबरात बाहेर अंगाची लाही होते आणि मी बेटावर बर्फाचे गोळे ढकलत असतो.

आणि पुण्यात बसलेल्या भावाचं तरी काय? त्याच्या बेटावरही बर्फच. जूनला ढग दाटून येतात, शेवाळं चढतं, आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, यातलं त्या बेटावर काहीही होत नाही. ऋतू जपानचे, बहर जपानचा. तारीख तेवढी आपली. तीसुद्धा बदलायची नाही म्हणता!

तीन_पिल्लांची_आई
मेलबर्नकर, मुद्दा चांगला आहे, पण माझ्या मुलाच्या रडण्याचं उत्तर त्यात नाही. ऋतू कुठलेही असोत, तो शेजारणीला सहा महिने टाकून गेला असं तिला वाटलं, आणि तसं त्यालाही वाटलं.

हिशेबी_मामा
ताई, लहान मुलाचं वेगळं. मी साठीला आलोय. निळ्या गुलाबासाठी पिढ्यान् पिढ्या झाडं लावायची, रोज पाणी घालायचं आणि दुसऱ्या दिवशी भलताच रंग. एवढा धीर मी नोकरीत दाखवला, आता नाही दाखवत. बरं सावकाश, या रविवारी सलगम घेतलेत का?

सावकाश
घेतले. १,२०० नग, ९४ च्या दराने. आज दुपारी आमच्याकडे भाव ६१. रोज उतरतोच आहे.

हिशेबी_मामा
माझ्याकडे ५१२ आहे. तुमचा मंगळवार चालू आहे, माझ्या बेटावर गुरुवार दुपार. तुमच्या घड्याळाला हात लावायचा नाही, फक्त विमानाने यायचं आणि विकून जायचं. शनिवारनंतर तुमचा माल कुणी घेणार नाही, रविवारी कचरा. फाटक उघडून ठेवू का?

रातपाळी
आता काय करणार दादा?

मेलबर्नकर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सावकाश
मामा, तुमच्या बेटावर यायचा डोडो कोड व्यनि करा.