सागवान आणि गंजके लोखंड यांचे जोडशिल्प

प्रश्न : पाडलेल्या वाड्याची सागवानी चौकट, गंजलेल्या बिजागऱ्या, कड्या आणि बंद घड्याळांची चाके जोडून मी भिंतीवरचे शिल्प करीत आहे. सुतारी पांढऱ्या गोंदाने लाकूड पक्के बसले, परंतु पावसाळ्यात धातूचे तुकडे सुटू लागले. शिवाय सगळ्या वस्तू सुट्या-सुट्याच वाटतात. काय करावे?

उत्तर १ : पांढऱ्या गोंदातील पाणी लाकडात शोषले गेल्यावर तो पकड घेतो, लोखंड पाणी शोषत नाही. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंद लावावा. बिजागरी मात्र तिच्याच जुन्या भोकांतून स्क्रूने आवळावी, कारण लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि लोखंड तसे करीत नसल्यामुळे नुसता चिकटवलेला सांधा दर ऋतूत ताणला जातो. चौकटीवरचा जुना तैलरंग कोरडा घासू नये. त्यात शिसे असू शकते.

उत्तर २ : अमेरिकी शिल्पकार लुईझ नेव्हलसन यांनी टाकाऊ लाकडाचे तुकडे खोक्यांत रचून १९५८ च्या ‘स्काय कॅथेड्रल’ या शिल्पामध्ये सर्वांना एकच काळा रंग दिला, त्यामुळे वस्तूंआधी त्यांच्या सावल्या दिसतात. तुमच्या कामाला मी रंग देणार नाही. साग आणि गंज यांचे तपकिरी रंग आधीच जवळचे आहेत. पितळी चाके तेवढी एकाच कोपऱ्यात दाटीने बसवावीत.

प्रश्नकर्ता : कड्यांना भोके नाहीत. तांब्याच्या तारेने बांधाव्यात का?

उत्तर १ : दमट हवेत तांबे टेकलेले लोखंड अधिक गंजते. सळ्या बांधण्याची लोखंडी तार घ्यावी.