ब्लेझर: दर नोव्हेंबरला नवा सदरा, आतली बंडी मात्र फाटकीच?

तळजाईचा_डेव्हलपर (धागाकर्ता)

आमचं ऑफिस दहा माणसांचं, पुण्यात. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, दोन बाजार समित्या, एक सूतगिरणी. सगळा संसार डॉट नेटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंगच्या चौकटीवर. मे २०२० मध्ये त्याच चौकटीतलं वेब पानं बांधायचं साधन, ब्लेझर वेबअसेंब्ली, आलं आणि ब्राउझरमध्येही सी शार्प (डॉट नेटची भाषा) चालणार म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यात आधी नाचलो तो मी. जावास्क्रिप्टशी माझं कधीच जमलं नाही, हे कबूल करून टाकतो.

आता तक्रार ऐका: ब्लेझर सुधारतं, पण फार मंद. पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज. वर कर्जदार, त्याच्या पोटात दोन जामीनदार, प्रत्येक जामीनदाराच्या पोटात पत्ता. ब्लेझरचा जो ठरलेला व्हॅलिडेटर (भरलेली माहिती तपासणारा कोड) आहे तो फक्त वरच्या पातळीवरच्या रकाने तपासायचा. कर्जदाराचं नाव रिकामं ठेवलं की लाल रेघ. जामीनदाराचा पिनकोड रिकामा? खुशाल पुढे जा! डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नाही, टेस्टही लिहिली नाही. ती चूक आमचीच. अर्ज बिनपिनकोडचा जमा झाला आणि शाखेतल्या बाईंनी फोन करून विचारलं, 'जामीनदार राहतो कुठे, आकाशात?'

यावर अधिकृत उतारा म्हणून एक वेगळं पॅकेज होतं, प्रायोगिक म्हणून दिलेलं. त्याची आवृत्ती ३.२.० आरसी १. आरसी (रिलीज कँडिडेट) म्हणजे 'आता झालंच, शेवटचा हात फिरवतोय'. तो शेवटचा हात काही फिरलाच नाही. दर नोव्हेंबरला नवी आवृत्ती, डॉट नेट ५ आलं, ६ आलं, ७, ८, ९ आलं, पॅकेज तिथंच. आमच्या ऑडिटरने यादीत 'आरसी' पाहून पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, 'कच्चं पॅकेज पैशाच्या व्यवहारात कसं वापरता?' काय उत्तर देणार?

पोटातल्या वस्तूंची तपासणी मुख्य चौकटीत आली ती डॉट नेट १० मध्ये, नोव्हेंबर २०२५ ला. साडेपाच वर्षं! या मधल्या काळात डॉट नेट ८ मध्ये अख्खी रचना बदलली: स्टॅटिक, सर्व्हर, वेबअसेंब्ली, ऑटो असे रेंडर मोड, म्हणजे पान कुठे तयार करायचं याचे पर्याय, आले. छप्पर गळतंय आणि मालक नवा दिवाणखाना काढतोय. मल्टिथ्रेडिंगचं (एकाच वेळी अनेक कामं चालवण्याचं) गाजर डॉट नेट ७ पासून प्रयोग म्हणून दिसतंय, ब्लेझरच्या ताटात अजून पडलेलं नाही.

काम होत नाही असं मी म्हणत नाही. स्टेजवर दाखवता येतं ते आधी होतं आणि रोज लागतं ते बॅकलॉगात (राहिलेल्या कामांच्या यादीत) कुजतं, एवढंच माझं म्हणणं. तुमचं काय मत?

---

रात्रपाळी

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). मी २०२१ लाच रिअ‍ॅक्टकडे (फेसबुकातून आलेली जावास्क्रिप्ट लायब्ररी) गेलो, सुटलो. एकच प्रश्न विचारतो. मायक्रोसॉफ्टने स्वतःचं नवं टीम्स कशात बांधलं? रिअ‍ॅक्टमध्ये. हॉटेलमालक रोज समोरच्या खानावळीत जेवत असेल तर त्याच्या थाळीबद्दल मी काय समजायचं?

---

व्ह्यूस्टेटची_सून

मी २००३ पासून वेब फॉर्म्स (डॉट नेटची जुनी वेब पद्धत) केलं, म्हणून हे नाव. सासूबाईंनी, म्हणजे पानाची स्थिती पानातच लपवून वाहणाऱ्या व्ह्यूस्टेटने, खूप छळलं, पण घर चाललं.

धागाकर्त्यांना 'मंद' हा दोष वाटतो. मला सिल्व्हरलाइट, मायक्रोसॉफ्टचं ब्राउझरमधलं प्लगइन, आठवतं. २००७ ला पहिली आवृत्ती, डिसेंबर २०११ ला पाचवी. चार-साडेचार वर्षांत पाच आवृत्त्या, आणि प्रत्येक वेळी आम्ही तोंडात बोट घालून बघायचो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकचं अमेरिकेतलं ऑनलाइन प्रक्षेपण त्यावर झालं होतं, आणखी काय पुरावा हवा? मी माझ्या टीमला तीन महिने बसवून झॅमल (त्यातली स्क्रीन मांडायची भाषा) शिकवलं. आणि पाचव्या आवृत्तीनंतर चिडीचूप. सहावी आलीच नाही. आयफोनवर प्लगइन चालत नव्हतं, एचटीएमएल ५ पुढे सरकलं, विषय संपला. सपोर्ट मात्र १२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत होता. म्हणजे मेल्यावर दहा वर्षं पेन्शन.

त्यामुळे कोणी धावायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो. ब्लेझर चालतंय, बसलेलं नाही. मोठ्या याद्यांसाठी व्हर्च्युअलाइझ डॉट नेट ५ मध्ये आलं, चूक एका तुकड्यापुरती अडवणारी एरर बाउंडरी ६ मध्ये, तक्त्यांसाठी क्विकग्रिड ८ मध्ये. दर वर्षी एखादं तरी भांडं घरात येतंय. तुमचं नेमकं शेवटी आलं, याचं वाईट वाटतं, पण त्यावरून घराला दिवाळखोर म्हणू नका.

आणि रात्रपाळी, रिअ‍ॅक्ट १८ मार्च २०२२ चं आणि १९ डिसेंबर २०२४ चं. पावणेतीन वर्षं मधे कोण मंद होतं? तेही एका कंपनीच्याच अंगणात वाढलेलं पोर आहे. खानावळीचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टच्याच एका साधनाचा, म्हणजे डॉट नेट अ‍ॅस्पायरचा डॅशबोर्ड ब्लेझरमध्येच आहे. म्हणजे मालक निदान नाश्ता तरी घरी करतो.

---

रात्रपाळी

ताई, नाश्ता घरी आणि जेवण बाहेर, हेच तर म्हणतोय मी :)

रिअ‍ॅक्टच्या दोन आवृत्त्यांमध्ये गॅप होती, मान्य. पण तिथे कंपनी झोपली तरी बाजार जागा असतो. फॉर्मसाठी दहा लायब्रऱ्या. तुमच्याकडे कंपनीने शिंकल्याशिवाय कोणी रुमाल काढत नाही.

---

निमसरकारी

मी पूर्ण उलट्या बाजूचा. मंद?? आमच्याकडे येऊन बघा.

आमच्या खात्यात एखादी आवृत्ती ठरवायची तर आधी टिपणी, मग मान्यता, मग टेंडर, मग सिक्युरिटी ऑडिट. सम आकड्याच्या आवृत्तीला तीन वर्षं सपोर्ट असतो. त्यातलं पहिलं दीड वर्ष फाइल टेबलावरून टेबलावर जाण्यात. डॉट नेट ८ चा सपोर्ट १० नोव्हेंबर २०२६ ला संपतो. आमची प्रणाली सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं असेल. मी तर म्हणतो दर नोव्हेंबरला नवं काढायचं बंद करा. तुम्हाला हवंय ते आणखी लवकर, आम्हाला आहे तेच पुरेना झालंय.

शेजारच्या विभागात वेब फॉर्म्सचं एक अ‍ॅप्लिकेशन आहे. डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर सुखात चाललंय, विंडोजबरोबर सपोर्टही आहे. लिहिणारा माणूस निवृत्त झाला, अ‍ॅप्लिकेशन झालं नाही. हे ज्याला मंद वाटतं त्याने एकदा मायग्रेशनचा प्रस्ताव लिहून बघावा.

---

तळजाईचा_डेव्हलपर

निमसरकारी साहेब, तुमचं दुखणं खरं आहे, पण माझ्या म्हणण्याला ते पूरकच आहे. दर वर्षी नवी आवृत्ती आणि त्यात जुनं अर्धवट काम तसंच, म्हणजे अपग्रेडचा खर्च आपण करायचा आणि पदरात जुनीच अडचण. हे 'भराभर' आणि 'मंद' दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

ताई, सिल्व्हरलाइटचा मुद्दा बोचला. पण धावून मेलं म्हणून रांगणाऱ्याला शाबासकी का द्यायची?

---

घाटमाथा

जरा वेगळा अनुभव. आम्ही फील्डवरच्या लोकांसाठी ब्लेझर सर्व्हर घेतलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: यात सगळा कोड सर्व्हरवर पळतो, ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत एक जोडणी असते, तिला सर्किट म्हणतात. ती तुटली की स्क्रीन धूसर होते आणि 'पुन्हा जोडतोय' असा इंग्रजी संदेश येतो. आमचे लोक कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरतात. रेंज गेली, फोन खिशात, चहा प्यायले, फोन काढला. सर्व्हर तुटलेलं सर्किट मुळात तीन मिनिटं सांभाळून ठेवतो. घाटातला चहा तीन मिनिटांत होतो का? भरलेला सर्व्हे फॉर्म गायब. एक जण मला म्हणाला, 'साहेब, कागदच बरा होता, तो घाटात पुसला जात नाही.'

घाटासाठी सर्व्हर मोड निवडणं हा माझा गाढवपणा, त्याचं खापर मी चौकटीवर फोडत नाही. पण सर्व्हर मोड सप्टेंबर २०१९ चा आणि सर्किटमधली माहिती जपून परत उभी करायची सोय डॉट नेट १० मध्ये, २०२५ ला. रेंज जाणं हा दुर्मीळ प्रसंग आहे असं वाटणारे लोक फायबरवर बसून प्राधान्यक्रम ठरवतात, अशी माझी शंका आहे.

---

पीआर_टाका

सगळे कंपनीच्या नावाने खडे फोडताय. कोड उघडा आहे, गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) पडलाय. साडेपाच वर्षं रडण्यापेक्षा धागाकर्त्यांनी साडेपाच दिवस बसून व्हॅलिडेटर लिहून पीआर (कोडबदलाचा प्रस्ताव) टाकला असता तर? आणि फ्लुएंट व्हॅलिडेशन ही तयार लायब्ररी होतीच की. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला डिलिव्हरीची तारीख मागायची ही आपली खास सवय.

---

तळजाईचा_डेव्हलपर

लिहिला होता, भाऊ. साडेपाच नाही, नऊ दिवस लागले. रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रॅमने स्वतःचीच रचना वाचून) पोटात शिरून तपासायचं, यादी असेल तर प्रत्येक घटक, वर्तुळाकार संदर्भ असेल तर थांबायचं. सहा प्रोजेक्टांत तो कॉपी झाला आणि सहाही ठिकाणी थोडा थोडा वेगळा झाला. फ्लुएंट व्हॅलिडेशनही एका ठिकाणी आहे, चांगलं आहे. पण मग नियम दोन जागी, मॉडेलवर अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आणि बाहेर वेगळ्या वर्गात. नव्या पोराला विचारा, पिनकोडचा नियम कुठे आहे? तो तासभर शोधतो.

आणि 'फुकट' म्हणू नका. व्हिज्युअल स्टुडिओची (कोड लिहायच्या साधनाची) लायसन्स, अझ्युअर क्लाउडचं मासिक बिल, सगळं आम्ही भरतो. देवळात प्रसाद फुकट असतो, चपला ठेवायचे पैसे लागतात.

---

व्ह्यूस्टेटची_सून

यावर मात्र मी धागाकर्त्यांच्या बाजूने. 'पीआर टाका' हे ऐकायला सोपं. ऑक्टोबर २०२१ आठवा. डॉट नेट वॉच या कमांडमधलं हॉट रिलोड, म्हणजे कोड बदलला की चालू अ‍ॅप्लिकेशनमध्ये लगेच दिसणं, कंपनीने ऐन आवृत्तीच्या तोंडावर काढून व्हिज्युअल स्टुडिओपुरतं ठेवायचं ठरवलं. कोड उघडाच होता की तेव्हाही! काढणाऱ्याने काढला. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून तीन-चार दिवसांत परत आला. पीआरने नाही, बोंबलण्याने आला. तेव्हा बोंबला, त्याचाही उपयोग असतो.

पण मंद म्हणून नको. 'अर्धवट' म्हणून बोंबला.

---

रात्रपाळी

अवांतर: तळजाई, आता १० आलंय ना, मग तो तुमचा नऊ दिवसांचा व्हॅलिडेटर काढला का?

---

तळजाईचा_डेव्हलपर

शनिवारी बसलो होतो. एका प्रोजेक्टात काढला. सर्व्हिसेसमध्ये अ‍ॅड व्हॅलिडेशन लिहिलं, अर्जाच्या वर्गावर अ‍ॅट्रिब्यूट चिकटवला, चालवला. पिनकोड रिकामा, तरी अर्ज पुढे! डोकं फिरलं. मग कळलं की मॉडेलचे वर्ग रेझर फाइलीत (ब्लेझरच्या पानाच्या) नको, वेगळ्या सीएस (सी शार्पच्या) फाइलीत हवेत, कारण तपासणीचा कोड बांधणीच्या वेळी तयार होतो आणि रेझरमधले वर्ग त्याला दिसत नाहीत. हलवले. दुसऱ्या जामीनदाराच्या पिनकोडखाली लाल रेघ आली.

शाखेतल्या बाईंना स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचं उत्तर: 'छान. आता फॅक्सचा रकाना कधी काढणार? तीन वर्षं सांगतेय.'

---

निमसरकारी

आता बाईंना म्हणा, बॅकलॉगात आहे.