घरच्या सोप्यात (ओसरीवर) वस्तुसंग्रहालय करायचं म्हणतोय, सुरुवात कुठून?

मलप्रभेकाठचा:
घर खानापूर तालुक्यात. आजोबा होते तोवर माडीवर कुणी जायचं नाही. ते गेल्यावर कुलूप काढलं, तर तीन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) मोडी कागद, एक सचित्र पोथी, गंजिफाचा (जुन्या गोल पत्त्यांचा) अर्धवट डाव आणि आजीच्या डब्यात पुतळ्यांची माळ, वज्रटीक अन् एकच बुगडी. दुसरी कुठं गेली यावर घरात तीन मतं. काका म्हणतात, सोनं वाटून घेऊ, कागद रद्दीला. मला सोप्यात दोन कपाटं लावून गावाला दाखवायचंय. एक घोळ आधीच करून बसलोय: पोथीचं फाटकं पान बेळगावात लॅमिनेट करून आणलं. आत डाग पसरायलाय.

गाठवणारी, शहापूर:
रिठ्याच्या गरम पाण्यात काही बुडवू नका. पोकळ मण्यांत लाख असते, ती सुटते. वज्रटिकेचे मणी कापडाच्या पट्टीवर शिवलेले असतात. पट्टी भिजली की रंग उतरून मण्यांत जातो. माळ नव्यानं गाठवलीत तरी जुना दोरा टाकू नका. माझे सासरे गाठ बघून सांगायचे, माळ आमच्याकडची की दुसऱ्याची.

बोरू:
लॅमिनेशन ओढून काढू नका हो, पानाची शाईसुद्धा सोबत येईल. कागदाचं काम करणाऱ्यालाच दाखवा. बाकीच्या पानांना सेलोटेप लावायची नाही. रुमाल सोडण्याआधी फोटो, मग कागद ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं फोटो, पाठीमागचेसुद्धा. बंदांचा, म्हणजे सुट्या कागदांचा, क्रम मोडला की अर्धा अर्थ गेला. बेळगावचं शहापूर सांगली संस्थानात होतं, तेव्हा तिकडचे कागद निघाले तर चक्रावू नका. ट्रंक भिंतीला टेकवू नका, आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे. आणि पोथी सचित्र आहे म्हणता, तर 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली तिची नोंदणी लागते का, ते पुरातत्त्व खात्यात विचारून घ्या.

पुणेकर झालेला बेळगावकर:
इथल्या केळकर संग्रहालयाच्या दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं. 1920 च्या सुमारास जमवायला लागले. दिवे, अडकित्ते, दौती, लोक ज्याला अडगळ म्हणायचे ते. गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभं केलं आणि पुढे सगळं सरकारला देऊन टाकलं. तुमच्यानंतर कुलपाची किल्ली कुणाकडे, हे आत्ताच कागदावर आणा. आणि प्रत्येक वस्तूला एक पान: कुणाची, कुठून आली, कोण घालायचं. काकांनाच बसवा लिहायला.

मलप्रभेकाठचा:
बसवलं. अडकित्त्यावर दीड पान झालं, पणजीच्या पानाच्या डब्यासकट. बुगडीपाशी येऊन थांबले. दुसरी त्यांच्याच कॉलेजच्या फीला गेली होती म्हणे, आजीनं कुणाला सांगितलं नव्हतं. वाटणीचा विषय त्यानंतर निघाला नाही, मीही काढला नाही.
कपाट सागवानी करू की लोखंडी? वाळवी आहे घरात.